टपालपेट्यांपाशी पडलेलं ब्लेड

रस्त्याच्या मधोमध, चाकांच्या दोन चाकोऱ्यांमध्ये, गवताचा जो उंचवटा झाला होता तो चाकोरीच्या तळापासून नऊ इंच उंच होता. अर्डिस मेरिलच्या गाडीचं पोट जमिनीपासून सात इंचांवर होतं. उरलेले दोन इंच ती जाताना आणि येताना गाडीच्या पोटाने खरवडत असे. तो आवाज तिच्या इतक्या ओळखीचा झाला होता, की डोळे मिटून बसवलं असतं तरी कुठला दगड आला हे ती सांगू शकली असती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिचं आयुष्य गेलं होतं आणि अजूनही ती आठवड्यातून तीन दिवस तिथे जात होती. मोजून झालं की माणसाने काहीतरी करायचं असतं, अशी तिची समजूत होती.

तिचा नवरा वेंडेल मोजण्याच्या विरुद्ध मुळीच नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की अजून थोडं मोजायला हवं.

टटल टेकडीवर माणसं राहत असलेली तीन घरं होती. सगळ्यात खाली, टपालपेट्यांच्या जवळ, म्हाताऱ्या थेल्माबाई फिलब्रुक. मध्ये रेनो पेल्टिए. माथ्यावर मेरिल. गावाची बर्फ सारणारी गाडी टपालपेट्यांपर्यंत येई आणि तिथूनच मागे वळे. पुढचा रस्ता खासगी होता. खासगी म्हणजे, जिवंत होता तोवर, एल्वुड टटलचा.

एल्वुडकडे ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांना अडकवलेलं एक लांब, बाकदार लोखंडी ब्लेड होतं. वसंतात चिखल जरा आवळला की तो खडी ओढून रस्त्याची पाठ फुगीर करी, म्हणजे पाणी कडेला जाई. हिवाळ्यात बर्फ बाजूला सारी. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी काही दिलंही नव्हतं. रेनोच्या वडिलांशी एका कुंपणावरून त्याचं बोलणं तुटलं ते दोघे मरेपर्यंत जुळलं नाही. पण त्यांच्या दारापुढून जाताना एल्वुडने ब्लेड कधी वर उचललं नाही. ब्लेड वर उचलून कुणाच्या दारापुढून जाणं म्हणजे भर रस्त्यात त्याच्याकडे पाठ फिरवणं. ज्याच्याकडे ब्लेड त्याने सगळा रस्ता करायचा, असा टेकडीचा रिवाज होता. कुणी तो बोलून दाखवत नसे, कारण बोलून दाखवायची वेळच आली नव्हती.

एल्वुड गेला तेव्हा तिन्ही घरांतून काकवीत शिजवलेल्या घेवड्याची भांडी गेली. त्याची मुलगी फ्लोरिडाहून आली, तिने घर बंद केलं आणि अंगणात सगळं सामान विकायला मांडलं. टेकडीवरचे सगळे बघायला गेले. रेनोने लाकूड कापायची करवत घेतली, वेंडेलने होडीची दोन वल्ही घेतली, आणि त्यांच्याकडे होडी नव्हती. ब्लेड कोपऱ्यात उभं होतं. त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. नदीपलीकडचा कुणी एक अनोळखी माणूस ते घेऊन गेला. वेंडेलला बहुधा त्याचा गंज आवडला नसावा, असं अर्डिसला तेव्हा वाटलं होतं.

वर्षाच्या आत वेंडेलने आणि रेनोने छोटे ट्रॅक्टर घेतले. मेरिलांच्या ट्रॅक्टरच्या कागदांवर सही अर्डिसने केली, कारण दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी वेंडेल मागच्या आवारात अजून एक ट्रॅक्टर बघून येत होता. ब्लेड मात्र नीट निवडून घ्यायचं ठरलं.

त्याला आता पाच हिवाळे झाले होते.

"पाच फुटी की सहा फुटी?" वेंडेल जेवताना काढी.

"सहा," अर्डिस म्हणे.

"तू फार पटकन बोलतेस. सहा फुटी जड असतं. चढावर पुढची चाकं उचलली म्हणजे?"

"पुढे वजन लाव."

"बरं, पाच फुटी घेतलं, तर तिरपं केल्यावर ते आपल्याच चाकांपुरतंही साफ करत नाही. हा मुद्दा आहे."

"म्हणून सहा म्हणते."

"हो, पण सहा जड असतं," वेंडेल म्हणे आणि पाव घेवड्यात बुडवी.

तोवर ट्रॅक्टर शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा होता. मागे काही जड लावल्याशिवाय तो उतारावर काढता येत नाही, घसरतो, हे वेंडेलने दुकानदाराकडून पक्कं करून घेतलं होतं. आणि मागे जड लावायचं म्हणजे ब्लेड. ते निवडायचं होतं. बर्फ पडलं की सगळे आपापल्या गाड्या टपालपेट्यांपाशी लावून चालत वर येत. थेल्माबाईंना फार चालावं लागत नसे. त्या खिडकीतून अर्डिसला येताना बघत आणि दार उघडत.

"आत ये. गरम काहीतरी घे. वरची खोली रिकामीच आहे, हे मी दर वर्षी सांगते," त्या म्हणत. "हिवाळाभर इथे राहा. कामाला इथूनच जा. मलाही रात्री कुणाच्या तरी पावलांचा आवाज होईल."

"बघू या, थेल्माबाई. त्याचं ब्लेडचं एकदा ठरू दे."

हे ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिने ते कारण म्हणून सांगितलं होतं. पुढे पुढे ती सवयीने म्हणू लागली.

या वर्षी नोव्हेंबरमध्ये आधी पाऊस झाला आणि मग एकदम गारठलं. चाकोऱ्या होत्या तशा लोखंडासारख्या घट्ट झाल्या, वर बर्फाचा पातळ थर बसला आणि गाड्या तेव्हापासूनच खाली राहू लागल्या. घर तापवायच्या तेलाची गाडी घेऊन ड्वेन आला तो टपालपेट्यांपाशीच थांबला आणि खाली उतरून वरच्या चढाकडे बघत राहिला.

"बाई, मागच्या खेपेला माझी टाकी अशी डुलली की मी देवाला घरचा पत्ता सांगून ठेवला होता," तो अर्डिसला म्हणाला. "या रस्त्यावर मी येत नाही. थेल्माबाईंपर्यंत माझा पाइप कसाबसा पोचतो. तुम्हाला डब्यांत भरून देतो."

मग ती डब्यांतून तेल वर नेऊ लागली. मुलांची बर्फावरची एक जुनी घसरगाडी होती, तिच्यावर दोन डबे बांधून ती ओढायची. रेनोकडे लाकडाची भट्टी होती, त्यामुळे त्याला हे दुःख नव्हतं. तो खिडकीतून हात मात्र करी. वेंडेलची कंबर कागदाच्या कारखान्यात गेली होती, म्हणून तो ओढू शकत नसे. तो दारात उभा राहून दोरीची गाठ कशी असावी ते सांगे. अर्डिसचा उजवा खांदा आधी दुखू लागला, मग वर उचलेना झाला. डॉक्टरने सांगितलं, ओझं ओढायचं नाही; नाहीतर या हाताने प्रयोगशाळेत काचेची नळीसुद्धा धरता येणार नाही.

"डॉक्टर काय म्हणाला?" वेंडेलने विचारलं.

"ओढायचं नाही म्हणाला."

"बघ. म्हणून मी ब्लेडचं मनावर घेतलंय." त्याने टेबलावरचा दुकानांच्या छापील पत्रकांचा ढीग आपल्याकडे सरकवला. "आता एका कंपनीने हातभर बाजूला सरकणारं ब्लेड काढलंय. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे परत पहिल्यापासून बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत अर्डिसने एका कागदावर आकृती काढली. सहा फुटी ब्लेड तीस अंशांत तिरपं केलं की पाच फुटांहून थोडं जास्त साफ करतं. ट्रॅक्टरची मागची चाकं बाहेरून बाहेर साडेचार फुटांत बसतात. ब्लेडचं वजन ट्रॅक्टर जेवढं उचलतो त्याच्या निम्म्याहून कमी. सँडविच संपायच्या आत गणित संपलं. उरलेल्या सुट्टीत तिने दुकानाला फोन करून ब्लेड मागवलं. फोन ठेवल्यावर तिला आनंद होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात तिला राग आला, आणि तो कुणावर हे नीट मोजता येईना.

ब्लेड आलं ते ती कामावर असताना. आणणाऱ्या ट्रकवाल्याने चढ पाहिला आणि लाकडी पाटासकट ते टपालपेट्यांपाशीच उतरवलं. संध्याकाळपर्यंत भुरभुर पाऊस लागला होता. अर्डिस परतली तेव्हा नाव लिहिलेल्या कागदाची नुसती निळी ओल उरली होती.

वर जाऊन वेंडेलला सांगायचं, असं ती पूर्ण चढभर ठरवत गेली. कोट काढायच्या आत तोच बोलला.

"खाली ब्लेड येऊन पडलंय, पाहिलंस?"

"पाहिलं."

"रेनोने शेवटी धीर केला म्हणायचा." वेंडेलचा चेहरा वर्षानुवर्षांत इतका मोकळा दिसला नव्हता. "चांगलं झालं. माणूस तरुण आहे, कंबर शाबूत आहे. त्याला जमेल."

"आपलं असेल तर?"

"आपलं कसं असेल?" वेंडेलने तिच्याकडे काळजीने पाहिलं. "मी अजून ठरवलं कुठे आहे?"

अर्डिसने कोट काढून खुंटीला अडकवला. मग तिला वाटलं, गप्पच राहून बघावं. प्रयोग एकदा मांडला की भांडं हलवायचं नसतं.

सकाळी रेनो टपालपेटीपाशी भेटला. "अर्डिस, वेंडेलला सांग, अभिनंदन," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं तो घेणार. निवृत्त माणूस आहे, वेळ आहे हाताशी. त्याला जमेल."

"वेंडेल म्हणतो ते तुझं आहे."

रेनोचा हात पेटीतच राहिला. "माझं? छे, छे. मी तर अजून पाच की सहा यातच आहे. मग थेल्माबाईंचं असेल."

"त्या ऐंशीच्या पुढे आहेत, रेनो. त्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही."

"म्हाताऱ्या माणसांचं सांगता येत नाही," रेनो गंभीरपणे म्हणाला.

त्यानंतर टेकडीवर त्या ब्लेडची जेवढी काळजी घेतली गेली तेवढी एल्वुडची शेवटच्या आजारपणात घेतली गेली नव्हती. रेनोने त्याच्यावर निळी ताडपत्री टाकली, ज्याचं असेल त्याची वस्तू गंजू नये म्हणून. वेंडेल काठी टेकत खाली गेला आणि बर्फाच्या गाडीला दिसावं म्हणून शेजारी नारिंगी फडकं बांधलेली खुंटी ठोकून आला. थेल्माबाईंनी ताडपत्री उडू नये म्हणून चार विटा दिल्या. दुकानाला फोन करून ते कुणाचं हे विचारणं एका मिनिटाचं काम होतं. पण फोन करणाऱ्याला ब्लेडमध्ये रस आहे असा त्याचा अर्थ झाला असता. ब्लेडपासून चार हातांवर उभं राहून माणसं हवापाण्याच्या गप्पा मारत. पायाने त्याला कुणी ढोसलंसुद्धा नाही.

अर्डिस डबे ओढत होतीच. फक्त आता डाव्या हाताने.

मग पहिलं मोठं बर्फ झालं. गावाची गाडी रात्रीतून येऊन टपालपेट्यांपर्यंत साफ करून गेली, आणि सारलेल्या बर्फाचा जो ढीग तिने कडेला लावला त्यात ताडपत्री, विटा, खुंटी आणि फडकं, सगळं नाहीसं झालं. शनिवारी सकाळी ड्वेन तेल घेऊन आला. गाडी वळवायला म्हणून तो मागे मागे घेत त्या पांढऱ्या ढिगात शिरला. जो आवाज झाला तो थेल्माबाईंना ऐकू आला, आणि त्यांना सहसा काही ऐकू येत नसे.

ब्लेडवर ओरखडाही नव्हता. गाडीची मागची पायरी दुमडली होती आणि दोन्ही दिवे गेले होते.

अर्डिस रिकामे डबे घेऊन उभी होती. तिच्या मागोमाग थेल्माबाई शाल गुंडाळून आल्या, रेनो फावडं घेऊन धावत आला, आणि जरा वेळाने काठी टेकत वेंडेल. ड्वेन गाडीत बसून कंपनीशी बोलत होता. तो खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"साहेब म्हणतात, हे धूड कुणाचं ते नाव कळवा. नाव मिळेपर्यंत या रस्त्याला गाडी नाही. पेट्यांपर्यंतसुद्धा नाही."

"म्हणजे मला पण नाही?" थेल्माबाईंनी विचारलं.

"तुम्हालाही नाही, थेल्माबाई. माझ्या हातात काही नाही."

"माझ्या टाकीत मंगळवारपर्यंतचं आहे."

मग रेनोने ढीग उकरायला सुरुवात केली, कारण नाव सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. ताडपत्री निघाली, विटा निघाल्या, आणि काळं, नवं कोरं ब्लेड उन्हात आलं. वेंडेल काठी बगलेत मारून त्याच्यापाशी वाकला. अर्डिसने त्याला इतक्या चटकन वाकताना कारखाना सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. त्याने धारेवरून अंगठा फिरवला, तिरपं करायच्या खिळीची भोकं मोजली आणि मान हलवली.

"सहा फुटी," तो म्हणाला. "बरोबर. या रस्त्याला हेच लागतं. वजनही नेमकं आहे. ज्याने निवडलं त्याला अक्कल आहे."

इतक्या वर्षांत त्याने अर्डिसच्या अकलेबद्दल काढलेला हा पहिलाच शब्द होता, आणि तो कुणाबद्दल बोलतोय हे त्याला माहीत नव्हतं.

"एल्वुडचंही सहाच होतं," रेनो म्हणाला.

"होतंच. त्याला मातीत ठेवलं त्या दिवशीच मी तुला म्हटलं होतं ना, की रस्ता नीट राखायचा तर सहा फुटी आणि वजनदार, दुसरं काही चालायचं नाही."

"म्हटला होतास. आणि मी म्हटलं, मग घे तू."

"आणि मी म्हटलं, घेतो की, आधी निवडू दे." वेंडेल हसला. रेनोही हसला. दोन शहाणी माणसं एखाद्या जुन्या खोडीची आठवण काढून हसतात तसे ते हसले. मग वेंडेलला बायको मागे उभी असल्याची आठवण झाली आणि तो खोकला.

"म्हणजे तुला माहीत होतं," अर्डिस म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सहा. पहिल्या दिवसापासून."

"अंदाज होता गं. अंदाज असणं वेगळं आणि निवडणं वेगळं." तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "एकदा घेतलं की जन्मभर आपल्या गळ्यात. प्रत्येक बर्फाला सगळ्यांची दारं करत बसायचं. एल्वुडचं काय झालं बघितलंस ना? म्हटलं, थोडं थांबू, रेनो घेईल."

"आणि मी म्हटलं, वेंडेल घेईल," रेनो म्हणाला. प्रामाणिकपणे वागल्यासारखा त्याचा चेहरा होता.

अर्डिसने हातातल्या डब्यांकडे पाहिलं. पाच हिवाळे तिने एका माणसाच्या अनिश्चितपणाची कीव केली होती. तो स्वभावच आहे, असं ती प्रयोगशाळेत मैत्रिणींना सांगत आली होती. त्याला साधे मोजेसुद्धा निवडता येत नाहीत, असंही हसत सांगत होती. तिच्या निरीक्षणात चूक नव्हती. फक्त आपण काय मोजतोय हेच तिला कळलं नव्हतं.

"नाव सांगा ना कुणीतरी," ड्वेन म्हणाला. त्याची पाय आपटून ऊब आणण्याची ताकद संपत आली होती. "कुणाचं आहे हे?"

रेनोने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलने थेल्माबाईंकडे पाहिलं. थेल्माबाई अर्डिसकडे बघत होत्या, आणि तेही बऱ्याच दिवसांपासून बघत असल्यासारख्या.

"माझं," अर्डिस म्हणाली. "अर्डिस मेरिल. लिहून घे. मी मागवलंय."

मग वेंडेल म्हणाला, "तुझं म्हणजे आपलंच."

"नाही. माझं. ट्रॅक्टरही माझ्या नावावर आहे. सही माझी आहे."

एवढं ऐकल्यावर कुणाला तरी वाईट वाटेल अशी तिची अपेक्षा होती. उलट रेनोच्या खांद्यांवरचं ओझं डोळ्यांदेखत उतरलं. "मग तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "हिवाळ्याची सोय झाली. अर्डिस, तू काळजी करू नकोस, ब्लेड घसरगाडीवर बांधून मी वर नेतो आणि जोडून देतो. आत्ताच नेतो."

"आणि चालवायला मी शिकवतो," वेंडेल म्हणाला. तोही आता खुशीत आला होता. "दांडीने उचलायचं आणि सोडायचं, त्यात खांद्याला काही त्रास नाही. मी तर म्हणतो, तुलाच जमेल. तुझं मोजमाप चांगलं आहे."

"चालवता येतं मला," अर्डिस म्हणाली. "जोडून दे, रेनो. मागे वजन असलं की ट्रॅक्टर घसरत नाही. आज दुपारी मी तो वरून खाली आणीन. येताना ब्लेड वरच असेल."

"खाली येताना वर कशाला? येता येताच करून टाक ना सगळं," रेनो म्हणाला.

अर्डिसने रिकामे डबे बर्फावर ठेवले. ड्वेनने तिचं नाव कंपनीला कळवलं होतं आणि तो पाइप सोडवायला लागला होता. थेल्माबाईंनी शाल नीट केली. टेकडीवर सगळ्यात जास्त हिवाळे त्यांनी पाहिले होते, म्हणून काय विचारायचं ते त्यांनाच कळलं.

"कुठपर्यंत करणार आहेस तू रस्ता?"

"पेट्यांपासून तुमच्या दारापर्यंत, थेल्माबाई," अर्डिस म्हणाली. "तिथे मी ब्लेड वर उचलणार आहे. आणि वरची खोली अजून रिकामी असेल, तर ट्रॅक्टरही तिथेच लावणार आहे."